दोन कचरू

भुजंग जिवाचं काही बरंवाईट तर करून घेणार नाही ना, ही धास्ती सत्यशीलाबाईंच्या मनातून जात नव्हती. भाजी निवडताना तीच, भोकरदनच्या बाजारात सुद्धा तीच.

त्यांचा हा पोरगा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटरवर होता, तिथंच खोली करून राहायचा. ऊसवाल्यांची नावं सांभाळायची. कुणाचा ऊस आधी तोडायचा, ते त्या नोंदीवरून ठरे. दिवाळीत त्यांनी थट्टेनं विचारलं होतं, "काय रे भुजंग्या, तुझा डेटाबेस मोठा का?"

"कशाचा मोठा! तीस हजार नावं. आमचे रामराव साहेब म्हणतात, लाखांत गेल्याबिगर त्याला मोठा म्हणत न्हाईत. मंग हाताखाली दुसरा माणूस कशाला, अन् नोंदीची नक्कल तरी कशाला ठेवायची?"

"म्हणजे तू लहानाचा राजा."

संक्रांतीला आला तो उतरल्या चेहऱ्यानंच. "आई, दुबार नावं पुसून टाकली म्या."

एकाच गावात दोन कचरू पुंजाराम, तीन कडूबा भिकाजी. कारकुनानं एकच माणूस पुन्हा लिहिला, असं समजून त्यानं एकेक ठेवला, बाकीचे पुसले. आधीची लेकरं गेलेली, म्हणून पुढच्याला दृष्ट लागू नये असं कचरू, कडूबा नाव द्यायचं, अन् आजाचं नाव नातवाला, घरोघरी तेच. त्याचा स्वतःचा चुलता कचरू होता. पडद्यासमोर बसल्यावर ते सुचलं नाही.

"साहेबांना सांग."

"काढून टाकतेल. तू पण बोलू नको. मी करून राह्यलो दुरुस्त. लहानच हाय ना."

पण कोण कोण पुसलं गेलं, हेच त्याला कळत नव्हतं. तोडणीच्या टोळ्या पुढं चालल्या होत्या; नाव नसलेल्यांचा ऊस वाळत उभा होता. माणसं कारखान्याच्या गेटवर येऊन बसायला लागली. रोजच्या फोनवरचा त्याचा आवाज बारीक होत गेला. काल म्हणाला, "आई, समदी नावं सारखीच दिसून राह्यलीत. झोपलो की उठूच नये वाटतं."

आज त्याचा फोनच आला नाही.

तीस हजार काय अन् लाख काय. एकट्याच्या हातानं परत उभं राहत नाही ते मोठंच, सत्यशीलाबाईंना वाटलं. गावोगाव फिरून विचारायला माणसं लागतील, आणि ती साहेबच पाठवतील. नोकरी जाईल. भुजंग कदाचित आपलं तोंड बघणार नाही. पण तोंड न बघायला तरी तो असायला हवा.

रामरावांना काय सांगायचं ते त्यांनी ठरवलं: आधी कुणाला तरी त्याच्या खोलीवर पाठवा, बाकीचं मग सांगते. त्यांनी रिसीव्हर उचलला.