वासुदेवचा गोवा

वासुदेवनं गोव्यात मासा खाल्लाच नव्हता.

हे मला आज दुपारी कळलं. वासुदेव सकाळीच गेला.

नात म्हणाली, आजोबा मी टाइप करून देते. पण हे मलाच लिहायचंय. चुका सांभाळून घ्या.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हा वासुदेव, शंकर आणि मी जानेफळला नवे मास्तर होतो. तिघांत एक खोली. लग्न कोणाचंच झालेलं नाही. शाळा सुटली की करायला काही नाही.

म्हणून शंकरनं स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात एक क्लब काढला. परदेश मंडळ.

ज्यानं सगळ्यात जास्त देश पाहिले तो अध्यक्ष. हॉटेलात खुर्ची एकच होती, ती अध्यक्षाची. बाकीच्यांनी बाकावर बसायचं.

प्रॉब्लेम एवढाच, की शंकर आणि मी नागपूरच्या पुढे गेलो नव्हतो.

"कोणी बाहेरदेशी गेलं का बे?" शंकरनं पहिल्याच दिवशी विचारलं. उत्तर नाहीच येणार, हे धरून.

"मी गेलतो," वासुदेव म्हणाला. "गोव्याले."

गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य. म्हणजे परदेशच की. आम्ही त्याच्याकडे बघतच राहिलो.

"काऊन गेलता?"

वासुदेव जरा थांबला. मग म्हणाला, "मासे खायले."

एवढे हसलो की हॉटेलवाला भट्टी सोडून बघायला आला.

मग ती गोष्ट रोज वाढत गेली. भातशेतातून हद्द ओलांडली. समोर मिशाळ पोर्तुगीज पोलीस, तोच वासुदेवला घाबरला. मग माशाचं कालवण, घशात अडकलेला काटा, आणि कोण्या म्हातारीनं पाठीत बुक्की घालून तो कसा काढला. वासुदेव उभा राहून ॲक्टिंगसकट सांगायचा.

एक देश. अध्यक्ष वासुदेव.

मग एक दिवस ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातमी आली. गोवा मुक्त झाला. शंकर धावतच हॉटेलात आला.

"उठ बे वासुदेव. तुहा देश गेला. आता तू बी झीरो."

वासुदेव उठला. खुर्ची भिंतीला नीट लावून ठेवली. म्हणाला, "मावशीकडे जाऊन येतो," आणि दुसरबीडला जाण्यासाठी निघाला. चहा तसाच ठेवून.

दुसरबीडची मावशी आम्हाला माहीत होती. दर सणाला तो आधी तिच्याकडे जायचा, मग स्वतःच्या घरी. आम्हाला वाटलं, तिची तब्येत बिघडली असेल.

वर्षं गेली. बदल्या झाल्या, रिटायर झालो. मंडळ मात्र बंद पडलं नाही. ते व्हॉट्सॲपवर आलं.

मी नेपाळ केलं, टूरवाल्यांबरोबर सिंगापूर केलं. शंकरची मुलगी दुबईत, त्यामुळे त्याचा स्कोअर जोरात.

वासुदेव शेवटपर्यंत झीरोवरच राहिला. मुलगा अमेरिकेला बोलवून बोलवून थकला. हा हललाच नाही. आम्ही चिडवायचो, अध्यक्षसाहेब, निदान लंकेला तरी जा.

शंकरनं नुसतं विमान बदललं तो देशही मोजला होता, म्हणून काल संध्याकाळी त्याचा मेसेज आला होता. "शंकर, विमानतळावर बसून राह्यला त्याले देश म्हनत नाहीत. कॅन्सल."

आज सकाळी चहा पिता पिता गेला. वहिनी बिस्किटं आणायला आत गेल्या, तेवढ्यात.

स्मशानातून आल्यावर त्याच्या अंगणात बसलो होतो. सुट्टीवर घरी आलेला मुलगा सुन्न होता. त्याला जरा बरं वाटावं म्हणून मी गोव्याची गोष्ट काढली. मिशाळ पोलीस, काटा, म्हातारीची बुक्की. तो रडता रडता हसला.

वहिनी दारात उभ्या होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ह्यायनं मासा जन्मात तोंडाले लावला नाही."

मला वाटलं, दुःखात काहीतरी बोलतायत.

"गोव्याच्या सत्याग्रहाले गेलते ते. संगं दुसरबीडचा दोस्त होता, नारायण. हातात हात धरून चालले होते. गोळीबार झाला अन् नारायण पडला. ह्यायनं त्याले खांद्यावर घेतलं. हद्द येईलोक त्याच्याशी बोलत राह्यले. खाली ठेवला, तवा समजलं."



"मावशी?" मी विचारलं.

"नारायणची माय. रेडिओवर बातमी आली ना, तवा तिले सांगायले गेलते. म्हने, माय, झालं. ती म्हने, बरं झालं. आता जेवून घे."

मुलगा आईकडे बघत होता. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

शंकरनं विचारलं, "वहिनी, आमाले काऊन नाही सांगितलं त्यानं?"

"मले बी लगन झाल्यावर सांगितलं. म्हने, कोणाले बोलू नको, लोक हार घालतील. मेला नारायण, अन् हार मले?"

मग त्या म्हणाल्या, "अन् तुमच्यापाशी ह्यायले हसायले भेटे, भाऊजी. ते गमवायचं नव्हतं त्यायले."

शंकर उठून कुंपणापाशी गेला. पाठ करून उभा राहिला.

मी अजून इथेच, त्याच्या अंगणात बसून हे लिहितोय. काही सुचत नाही. ज्याच्याबरोबर एका खोलीत राहिलो, ज्याच्या गोष्टीवर आयुष्यभर हसलो, त्याच्या खांद्यावर काय होतं ते मला आज कळलं. तो गेल्यावर.

वासुदेव, गड्या, तुला शेवटचा नमस्कार.

आणि ज्याला आम्ही कधी पाहिलं नाही, त्या दुसरबीडच्या नारायणलाही.