मॉस्कोहून आलेले दत्तूभाऊ

दत्तूभाऊंना मी प्रथम पाहिलं ते डिंगोऱ्यातल्या एका दशक्रियेला. आमच्याकडे दशक्रियेला नदीकाठी मांडव असतो, माइक असतो आणि श्रद्धांजलीसाठी पुढाऱ्यांची रांग असते. त्या दिवशी एका पुढाऱ्याचं भाषण संपताच गेलेल्या माणसाच्या बहिणीनं माइक धरला. "माझा भाऊ कालव्याच्या पान्यासाठी तुमच्या दारात हेलपाटं घालून मेला, ते बी सांगा की." पुढाऱ्याच्या माणसानं माइकवाल्याला खूण केली, "बंद कर." माइकवाले दत्तूभाऊ होते. शांतपणे म्हणाले, "बाईंचं संपू द्या, पावणं. मास्कोत मी हेच काम केलंय."

"मास्कोत का मंचरात?" मागून कोणीतरी विचारलं. लोक हसले. भाऊही हसले. माइक मात्र चालूच राहिला.

मॉस्कोचं खरं होतं. इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि तिथेच राहिले. नव्वद सालानंतर काही पत्रकारांनी तिथे सरकारी नसलेलं रेडिओ स्टेशन काढलं. त्याची यंत्रं भाऊ सांभाळत. ओतूरला मी ग्रंथपाल होतो. वाचनालयात पेपर वाचायला आले की भाऊ सांगत, "दोन खोल्या. खुर्च्या कमी अन् बातम्या लई. ऐकणाऱ्याचा फोन थेट रेडिओवर जायचा. आमाला शिव्या दिल्या तरी त्याचं बोलणं तोडायचं न्हाई." काही वर्षांत टॅक्सीवाल्यांपासून मंत्र्यांपर्यंत सगळे तेच स्टेशन लावू लागले.

मग मालक बदलले. नव्या साहेबानं बजावलं, खूण केली की फोन तोडायचा. भाऊंचा त्या देशात राहण्याचा परवाना या नोकरीवरच होता. एका सकाळी लढाईवर गेलेल्या शिपायाच्या आईचा फोन आला. मुलगा कुठे आहे, हे तिला कोणी सांगत नव्हतं. साहेबानं काचेआडून खूण केली. भाऊंनी दोन्ही हात खिशात घातले. तिचं बोलून झालं आणि भाऊंची नोकरी गेली. थोड्याच दिवसांत स्टेशनही बंद पडलं. तिथे नुसती गाणी लागू लागली.

गावी येऊन भाऊंनी स्पीकरचा धंदा टाकला. त्यांच्या तोंडून नशिबाची कुरकुर कधी ऐकली नाही. गेल्या महिन्यात ते वारले. शेवटच्या आजारात मी विचारलं होतं, "खूण पाळली असती तर स्टेशन वाचलं असतं का?"

"स्टेशन न्हाई, मी वाचलो असतो."

"आणि त्या बाईंचा मुलगा? सापडला?"

"ते न्हाई कळलं," भाऊ म्हणाले. "पर तिनं इचारलं, ते समद्या मास्कोनं ऐकलं."