सात दारांवरच्या पट्ट्या

साक्षीला येणाऱ्या बायका आमच्या कोर्टात जिन्याखाली बसायच्या. कडेवर मूल आणि समोरच आरोपीची माणसं. त्यांच्यासाठी एक खोली शोधा, असं मोठ्या साहेबांनी सांगितलं. इमारत, फर्निचर आणि किल्ल्या पंधरा वर्षं मीच सांभाळत होते, म्हणून हे काम माझंच असं मी धरून चालले. साहेबांनी ते आम्हा दोघींना मिळून दिलं.

दुसरी म्हणजे आमच्याच ऑफिसातली, जयसिंगपूरहून रोज एसटीने येणारी. बदली होऊन तिला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती, पण दुपारच्या डब्याला सगळं ऑफिस तिच्या टेबलाभोवती. शिपाईमामांकडे मी एक फाईल तीनदा मागायची. तिला ते न सांगता पाणी आणून द्यायचे. मी हे सगळं बघत असे, आणि बघत नसल्यासारखं दाखवत असे.

मी सामानाचं रजिस्टर उघडलं. ज्या खोलीत कपाटाची नोंद, ती वापरात. आमच्याकडे अशीच पद्धत. दोन दिवसांत चार पानांची टाइप केलेली यादी तयार झाली. निष्कर्ष : एकही खोली रिकामी नाही.

तिने कागदाला हातही लावला नाही. दारांवर रोज खटल्यांच्या याद्या लागतात, त्यांना आम्ही बोर्ड म्हणतो; त्यातले जुने कागद कापून तिने पट्ट्या केल्या आणि सोमवारी सकाळी प्रत्येक बंद दाराला, चौकटीपासून फळीपर्यंत, एकेक चिकटवली. डिंकाची बाटली धरून मामा तिच्या मागे.

"लग्न आहे का कुणाचं?" मी विचारलं.

"शुक्रवारी बघू की, ताई. जिची पट्टी फाटली नाही ती खोली कुणी उघडली नाही."

युक्ती इतकी सोपी होती की मला रात्री जेवण गेलं नाही. पंधरा वर्षांत मला का सुचली नाही?

शुक्रवारी सात पट्ट्या शाबूत होत्या. सहा खोल्यांत मोडक्या खुर्च्या. सातवी तळमजल्यावर, नळाजवळ, भरपूर उजेडाची. तिची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. कधीतरी शांतपणे बसून काम करायला म्हणून मी ती खोली ठेवून घेतली होती. आत एक टेबल आणि प्लास्टिकसुद्धा न काढलेली खुर्ची. माझ्या यादीत : वापरात.

"ही तुमचीच न्हवं?" मामा मोठ्यांदा म्हणाले. "गणपतीपासनं उघडल्याली मी तर बघितली न्हाय!"

ती हसली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "ताई, मी सहाच लिहिते. तुमचं तुम्ही बघा."

तिची दया मला नको होती. साहेबांसमोर खोटी ठरायची भीती होतीच, पण तिच्या उपकारात राहणं त्याहून जड होतं. सोमवारी मीच आधी केबिनमध्ये गेले आणि सांगितलं, "साहेब, माझी यादी चुकली. नळाजवळची खोली रिकामी आहे, माझ्याच ताब्यात आहे."

साहेबांनी तीच खोली ठरवली. मला म्हणाले, "यादी दुरुस्त करून द्या." तिला म्हणाले, "पट्ट्यांची कल्पना उत्तम."

बाहेर आल्यावर तिने किल्लीसाठी हात पुढे केला. मी पर्समधून किल्ली काढली आणि मामांच्या हातात दिली.