रिबीन बांधलेली झाडं

२१ ऑगस्ट, पोळ्याचा आदला दिवस. मक्याच्या पानांचे कोन मोजायचं काम उरलं होतं. कणसाच्या लगेच वरचं पान धरायचं, कंपासपेटीतलं कोनमापक खोडाला टेकवायचं आणि पान किती अंश झुकलंय ते टिपायचं. दुपारपर्यंत पानांच्या कडांनी हात ओरबाडून निघतात. बरीच वर्षं हेच करतेय, आणि आता कंटाळा आलाय.

अंबडच्या एका लहान बियाणे कंपनीत मी नोकरी करते. कंपनीचा हा प्लॉट सिन्नरजवळ माझ्या सासरच्याच शेतात आहे. शेत थोरले दीर आणि जाऊबाई पाहतात. पान उभं असलं तर ऊन खालच्या पानांपर्यंत पोचतं, झाडं जवळ जवळ लावता येतात. पान खोडाला जिथे जोडलेलं असतं तिथे बिजागरीसारखा भाग असतो, त्यामुळे ते बाहेर झुकतं. आमच्याकडच्या एका वाणात ही बिजागरीच नाही. पानं सरळ आभाळाकडे, पण कणीस बोटाएवढं. म्हणून मोठ्या कणसाच्या, पसरट पानांच्या वाणाशी त्याचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी पसरटच निघाली. या दुसऱ्या पिढीत साधारण चारात एक झाड उभ्या पानांचं आलं. अशा प्रत्येक झाडाला मी लाल रिबीन बांधली होती. त्यांचाच पराग त्यांना देऊन बी धरायचं होतं. उभ्या पानांचं काम पुढे सरकलं नाही तर प्लॉट बंद, असं साहेबांनी बजावलं होतं.

शेतात पोचले तर रिबिनीचं एकही झाड जागेवर नव्हतं. नुसते खड्डे.

गोठ्यात गेले. बैलांपुढे उभ्या पानांची मका पडली होती, रिबिनी खुंटीला नीट गुंडाळून ठेवलेल्या.

"ये गं," जाऊबाई म्हणाल्या. "तुझी सगळी भेसळ काढून टाकली सकाळीच. म्हटलं, सणाच्या तोंडावर तू कुठं उपटत बसशील?"

आमच्या गावात बायका बीजोत्पादनाच्या शेतात कामाला जातात. तिथे कंपनीचा माणूस वेगळ्या दिसणाऱ्या झाडांना रिबीन बांधून जातो आणि मागून बायका ती उपटतात. रिबीन म्हणजे भेसळ. जाऊबाईंनी यापेक्षा वेगळं कधी पाहिलंच नव्हतं.

"ताई, तीच झाडं ठेवायची होती."

"अगं बाई! ती खराट्यासारखी? मग त्यांना कशाला बांधली रिबीन? सांगायचं तरी!"

चिडायला अंगात ताकद नव्हती. गव्हाणीच्या कडेवर बसून मी साहेबांना फोन लावला. झालं ते सांगितलं, एक हंगाम जास्त लागेल म्हटलं. "कणसं दाखवा, मग बोलू," ते म्हणाले.

जाऊबाईंनी चहा आणून ठेवला. "आता ती पसरट झाडं काय कामाची तुला?"

"त्यांच्यात तिनातल्या दोन झाडांत उभं पान लपलेलं असतं. त्यांचं बी लावलं की पुढच्या वर्षी काही झाडं उभी निघतील."

"म्हणजे सासूबाईंचं नाक. एका पण लेकाला नाय आलं, अन् तुझ्या पोरीच्या तोंडावर येऊन बसलं."

"तसंच काहीसं."

"मग लपलेलं कुठलं, ते कसं कळायचं?"

"नाही कळत. म्हणून सगळ्यांच्याच कणसांना पिशव्या चढवायच्या, दुसऱ्या झाडाचा पराग आत जायला नको."

"सगळ्यांना? उद्या पोळा हाय गं!"

"कणसाचे केस थांबत नाहीत, ताई. ते बाहेर यायच्या आत पिशवी चढायला हवी."

"बैलाला सुट्टी अन् तुला नाय," त्या म्हणाल्या आणि डाळ निवडायला बसल्या. मी पुरणाला हात लावीन ही आशा त्यांनी सोडली असावी.

पोळ्याच्या सकाळी दीर बैल धुवायला ओढ्यावर घेऊन गेले, तेव्हा मी पिशव्यांचा गठ्ठा काखेत मारून प्लॉटवर गेले. ज्या कणसांचे केस बाहेर आले होते, ती झाडं सोडून दिली; त्यांवर इतरांचा पराग पडून गेला असणार. बाकीच्या प्रत्येक कणसावर पिशवी चढवली. रिबीन मात्र एकालाही बांधली नाही.