गेर्लोफचं शंभरावं उतरणं

आमच्या घरातला बॉयलर दोन वर्षं खडखडतोय. माझा नवरा गेर्लोफ बावीस वर्षं बोटीच्या इंजिनखोलीत राबला, पण या बॉयलरकडे बघायला त्याला सवड नाही. त्याला काळजी एकाच इंजिनाची, आणि ते इंजिन या जगात नाहीच.

मागच्या खोलीत त्याने संगणक मांडलाय. पायाशी पेडल, मांड्यांमध्ये दांडी. दर शनिवारी दुपारी दोन वाजता तो महायुद्धातल्या लढाऊ विमानात जाऊन बसतो आणि इकडे माझं वाटाण्याचं सूप गार होतं. गावातले सात-आठ जण आपापल्या घरून एकाच खोट्या आकाशात उडतात. त्यांचा रीतसर क्लब आहे. गावच्या स्केटिंग क्लबच्या माडीवर त्यांनी एक लाकडी फळा टांगलाय. एकही विमान न गमावता जो लागोपाठ शंभर वेळा परत उतरेल, त्याचं नाव त्यावर रंगवायचं. मध्ये एक विमान गेलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. अकरा वर्षांत फळा कोराच राहिला.

गेर्लोफची नव्व्याण्णव झाली होती.

शत्रूची विमानं किती पाडली म्हणाल, तर चार. "गेर्लोफ शत्रूशी लढत नाही, थर्मामीटरशी लढतो," असं क्लबचा प्रमुख वोब्बे सगळ्यांदेखत म्हणतो. इंजिनाला गोळी लागली की बाकीचे घाबरून गॅस पूर्ण देतात, लवकर घरी पोहोचू म्हणून. मग इंजिन अर्ध्या वाटेत जाम होतं आणि हे हवाई छत्री घेऊन उड्या मारतात. गेर्लोफचं तसं नाही. तो आधी गॅस कमी करतो, मग इंजिनाचे फेरे उतरवतो, रेडिएटरची झडप उघडतो, नाक घराकडे वळवतो आणि असलेली उंची कंजुषासारखी पुरवून वापरतो. वर टेबलावर थोपटत म्हणतो, "चल गं, सावकाश. घाई नाही." लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझ्याशी हा या आवाजात शेवटचा कधी बोलला ते मला आठवत नाही.

हे सगळं मला पाठ आहे, कारण ते सगळ्या घराला ऐकू येतं. इंजिनखोलीने त्याचे कान घालवले. कानातलं यंत्र हेडफोनमध्ये शिट्टी मारतं, म्हणून हा स्पीकर लावतो. आणि त्या स्पीकरमधून दर शनिवारी माझ्या भावाचा आवाज येतो.

आता हारिंगचं सांगते आणि सांगतानाच माझं डोकं तापतं. हारिंग माझा धाकटा भाऊ. आमच्या वडिलांची कोळंबी धरायची बोट तो चालवायचा आणि गेर्लोफ तिचं इंजिन सांभाळायचा. सहा वर्षांपूर्वी एकदा परतताना तेलाचा दाब पडला. गेर्लोफ म्हणतो, मी इंजिनखोलीतून वर बोलायच्या नळीतून दोनदा ओरडलो, हळू घे. हारिंग म्हणतो, तो बोललाच नाही. मासळीच्या लिलावात पहिलं पोहोचायचं म्हणून हारिंगने गॅस दाबून धरला, इंजिन जाम झालं, ओहोटीत बोट वाळूवर चढली आणि तळ फुटला. वडिलांची बोट भंगारात गेली. गावात निम्मे लोक अजून म्हणतात की गेर्लोफला तेलाची गळती कळली नाही.

तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. माझा वाढदिवस मी दोनदा करते. शनिवारी संध्याकाळी नवऱ्यासाठी, आमच्याकडच्या रीतीने, पाहुण्यांच्या खुर्च्यांचा गोल मांडायचा, रविवारी सकाळी भावासाठी पुन्हा तोच गोल, नवा केक. साठाव्यालासुद्धा! माणसाने वैतागायचं तरी किती?

आणि हेच दोघे आकाशात बोलतात. क्लबचा नियम असा की उडताना नावं घ्यायची नाहीत, फक्त नंबर. गेर्लोफ चार, हारिंग सात. "सात, तुझ्या मागे दोन आहेत." "बघितलं, चार." रस्त्यात समोर आले तर सायकली वळवून पलीकडे जातील, पण ढगात एकमेकांची पाठ राखतील. एकदा मी वैतागून गेर्लोफला म्हणाले, "मीही नंबर घेऊ का? म्हणजे जेवायला बोलावता येईल."

"तुला उडता येत नाही, सित्स्के," तो गंभीरपणे म्हणाला.

शंभराव्या शनिवारी मी सूप गॅसवर ठेवलं आणि न राहवून त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. कौतुक म्हणून नव्हे. हा फळा एकदाचा रंगला तर गावाची तोंडं बंद होतील आणि हा बॉयलर बघेल, एवढाच माझा स्वार्थ.

पाऊण तास बरा गेला. मग समुद्रावर शत्रूची चार विमानं वरून आली. धडधड झाली आणि गेर्लोफच्या काचेवर तेलाचे थेंब उडाले. तेलाच्या दाबाचा काटा हळूहळू उतरायला लागला. त्याने गॅस कमी केला, फेरे उतरवले, नाक किनाऱ्याकडे वळवलं. किनाऱ्यालगतच्या धावपट्टीपर्यंत आठ मिनिटं. रेडिओवर कोणाला सांगितलं नाही, पण मी बघत होते. असाच सावकाश गेला असता तर पोहोचला असता.

तेवढ्यात स्पीकर खरखरला. "सात बोलतोय. इंजिन थंड ठेवायचं पाणी गेलं माझं. काटा लाल झालाय."

मला पुढचं माहीत होतं. आता हारिंग गॅस दाबणार, इंजिन जाळणार आणि नेहमीसारखा शिव्या देत उडी मारणार.

"चार," तो म्हणाला, "काय करू?"

गेर्लोफने एकदा तेलाच्या काट्याकडे बघितलं. मग त्याने विमान वळवलं. किनाऱ्याकडे नव्हे, मागे.

"गॅस कमी कर," तो म्हणाला. "अजून. अजून कमी."

"पडेन मी!"

"नाही पडत. झडप पूर्ण उघड. वळू नकोस. तुझ्या मागचे दोघे मी बघतो."

मागच्या दोघांना बघायचं म्हणजे पूर्ण गॅस द्यायला हवा. त्याने दिला. तेलाचा काटा धाडकन खाली आला.

"गेर्लोफ, तेल!" मी ओरडले. "अरे, तुझं तेल बघ!"

त्याने मान न वळवता हात वर केला, मी गप्प बसावं म्हणून. त्या दोघांना हुसकून लावलं आणि हारिंगच्या बाजूला येऊन लागला. "चाकं काढू नकोस, सात. पोटावर उतर. घाई नाही. सावकाश." तोच आवाज, टेबलाला थोपटतानाचा.

हारिंग धावपट्टीवर घसरत जाऊन थांबला. "उतरलो!" तो लहान पोरासारखा ओरडला. आमच्या विमानाचा पंखा मात्र थबकून उभा राहिला होता. धावपट्टी समोर दिसत होती आणि खाली पाणी होतं. गेर्लोफने विमान अलगद समुद्रावर टेकवलं. ते बुडालं.

"शून्य," तो म्हणाला आणि संगणक बंद केला. मला रडू आलं. एका खोट्या विमानासाठी! माझाच मला राग आला.

दहा मिनिटांनी मागचं दार उघडलं. हारिंग. सहा वर्षांत त्या दाराने आला नव्हता. धापा टाकत होता, डोक्यावर हेडफोनचा वळ तसाच.

"सित्स्के ओरडली ते माईकवर ऐकलं मी. तुझं तेल कधी गळायला लागलं?" त्याने गेर्लोफला विचारलं.

"तुझं पाणी जायच्या आधी."

"मग सरळ गेला का नाहीस? शंभर झाली असती तुझी!"

"तू विचारलंस," गेर्लोफ म्हणाला. "काय करू म्हणून. याआधी कधी विचारलं होतंस?"

हारिंग दाराला धरून उभा होता. "त्या दिवशी नळीतून तू ओरडला होतास," तो म्हणाला. "दोनदा. मला ऐकू आलं होतं, गेर्लोफ."

गेर्लोफ खाली बसला. मी मात्र हातातला डाव ओट्यावर आपटला. "सहा वर्षं!" मी म्हणाले. "सहा वर्षं दोन-दोन केक करतेय मी! आणि हे उद्या त्या वोब्बेला सांगायचं, कळलं? सगळ्यांसमोर, माडीवर उभं राहून."

"सांगतो," हारिंग म्हणाला.

मी तिसरा वाडगा ठेवला, सूप वाढलं. तेवढ्यात हारिंगने कान टवकारले. "हा खडखडाट कसला?"

"बॉयलर," मी म्हणाले. "दोन वर्षं झाली."

दोघेही भरले वाडगे सोडून उठले. सूप पुन्हा गार झालं. बॉयलरच्या कपाटातून पान्ह्यांचा खणखणाट आला आणि पाठोपाठ गेर्लोफचा आवाज, "हळू फिरव."

"हळूच फिरवतोय," हारिंग म्हणाला.