सातवा फर्मा

पुस्तक लोक नेमकं कुठे वाचतात हे लिहिणाऱ्याला कळत नाही, आणि विकणाऱ्याला त्याची फिकीर नसते. ते कळतं फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या बाईला. सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत, एका खिडकीपाशी बसून ती तीस वर्षं हेच करत आली होती. खळ शिजवायची, पुठ्ठे कापायचे, सुटलेली पानं दाभणाने टोचून पुन्हा दोऱ्यात ओवायची. बोटांना कायम खळीचा वास, म्हणून सगळे तिला खळमावशी म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. "खळ आहे म्हणून चिकटून आहे," म्हणायची, "नाहीतर इथे माणसं टिकतात कुठे?"

दुरुस्तीला आलेलं पुस्तक ती टेबलावर पाठीवर उभं धरायची आणि हात सोडून द्यायची. जिथे आपसूक उघडेल तिथे त्याचं दुखणं. परीक्षेची पुस्तकं पहिल्या वीस पानांत मोडलेली, पुढे कोरी करकरीत. स्वयंपाकाची गोडाच्या पानांपाशी. कायद्याची वाटण्यांच्या प्रकरणात. आणि ताईंचं पुस्तक पान सत्त्याण्णवला. वाचनालयात त्याच्या अकरा प्रती होत्या, आणि अकराच्या अकरा तिथेच मोडत.

ताई म्हणजे संसार आणि श्रद्धा ह्यावर पुस्तकं लिहिणारी बाई. मुखपृष्ठावर हनुवटीला बोट लावून हसणारा फोटो, आत बाईने घरात कसं असावं ह्याचा उपदेश. मावशीने त्या अकरा प्रती कितीतरी वेळा शिवल्या होत्या, पण त्यातली ओळ वाचली नव्हती. शिवणारी बाई पानं मोजते, वाचत नाही. वाचायला लागली तर दिवसाला चार पुस्तकंसुद्धा व्हायची नाहीत.

न वाचताच तिने ते पुस्तक लेकीला लग्नात दिलं. नवी प्रत विकत आणली, तिचं कागदी कव्हर फाडून काढलं, शिवलेल्या घड्या सुट्या केल्या आणि सगळं पुन्हा हाताने शिवलं. निळं कापड, गोल पाठ, आत दुहेरी अस्तर. उभ्या जन्मात एवढी सुबक बांधणी तिने दुसऱ्या कशाला केली नाही. देताना एवढंच म्हणाली की सगळ्या बायका वाचतात, तूही वाच, चांगलंच असेल.

मावशीचा स्वतःचा संसार तसा सुखाचा होता. नवरा बस चालवायचा. आता तो नाही, पण होता तोवर घरात आवाज चढला असेल तर रेडिओचा. असल्या घरात उपदेशाचं पुस्तक म्हणजे कपाटावरचं छत्रीचं खोकं. कुणी उघडून बघत नाही आत काय आहे ते.

गेल्या थंडीत लेक एक बॅग घेऊन परत आली. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. लग्नानंतर दोन वर्षांनी ते काम सुटलं होतं, म्हणजे सोडायला लावलं होतं. आता डाव्या कानाचा पडदा फाटला होता. दार लागलं म्हणाली. मावशीने गालाकडे पाहिलं. दाराला पाच बोटं असतात हे तिला त्या दिवशी कळलं.

बॅगेत चार कपडे होते आणि ते निळं पुस्तक. लेक रोज संध्याकाळी हात जोडून बसायची आणि मग ते उघडायची. मावशी भाजी चिरताना बघायची. पुस्तक दर वेळी एकाच जागी उघडत होतं, आणि ती जागा मावशीला ओळखीची होती.

जावई शाळेत खेळाचा शिक्षक. पंधरा दिवसांनी त्याचा निरोप आला: झालं गेलं विसर, सातवं प्रकरण वाच, आणि ये. पुस्तक त्याने कधी हातात धरलं नसावं. पण सातवं प्रकरण कशाबद्दल आहे हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत मावशीने पहिल्यांदा ते प्रकरण वाचलं. पान सत्त्याण्णव ते एकशेबारा. एक बाई असते. नवरा ताट भिरकावतो. ती निमूट फरशी पुसते आणि देवाजवळ त्याच्यासाठी मागणं मागते. असं वर्षभर. एक दिवस नवरा तिच्या पायाशी येऊन रडतो. ही बाई कुठली, कोणाची, पुढे किती दिवस तो रडत होता, काही पत्ता नाही. मावशीने पेन्सिल घेऊन खुणा केल्या. सोळा पानांत 'मार' हा शब्द एकदाही नव्हता. 'कठीण प्रसंग' बावीस वेळा होते.

मग तिला सोसवेना. महिनाभरात तिने वाचनालयातली सगळी उपदेशाची पुस्तकं वाचून काढली. ग्रंथपाल तिच्याहून पाच वर्षांनी लहान, सरळ माणूस. तो विचारायचा, मावशी, ह्या वयात संसार सुधारायचा विचार आहे का? ती त्याला एकेका पुस्तकाचा निकाल सांगायची. एका निवृत्त इंजिनिअरने लिहिलं होतं की गाडीला जसा एकच चालक तसा घरालाही एकच. मावशी म्हणाली, माझा नवरा खरोखरचा चालक होता, घरी आला की मागच्या सीटवर बसायचा, अपघात एकही नाही. दुसऱ्या एका विद्वानाने सिद्ध केलं होतं की बायकांना देव जास्त जवळून कळतो, म्हणून त्यांनी नवऱ्याच्या मागून चालावं. म्हणजे डोळसाने आंधळ्याचं बोट धरायचं, आंधळ्याने रस्ता दाखवायचा. आणि ताई? पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिलं होतं की त्या वर्षातले दोनशे दिवस व्याख्यानांसाठी फिरतीवर असतात. बाईचं खरं तीर्थ म्हणजे तिचा उंबरा, हे सांगायला. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

"देवाशी माझं वाकडं नाही," ती ग्रंथपालाला म्हणाली. "पण हे म्हणतात देवाचं पत्र आलंय, आणि पाकिटावरचं अक्षर ह्यांचंच."

एक पुस्तक मात्र बरं निघालं. एका म्हाताऱ्या नर्सने लिहिलेलं, बारीकसं. त्यात होतं, देवापुढे बसण्याआधी जखम धुवून घ्या, आणि ती कोणी केली ते एका तरी माणसाला सांगा. मावशीने ते पाठीवर उभं धरून हात सोडला. ते कुठेच उघडलं नाही. आठ वर्षांत एकदाही घरी नेलं गेलं नव्हतं.

तिने ते घरी नेलं, लेकीपुढे ठेवलं. लेकीने चाळलं आणि म्हणाली, हे औषधपाण्याचं आहे. मग दोघींचं वाजलं. मावशी म्हणाली, त्या निळ्या पुस्तकाने तुझा कान घेतला.

"आई, त्यात मारायला नाही सांगितलेलं."

"नाही ना. मार खाल्ल्यावर गप्प कसं बसायचं तेवढंच सांगितलंय."

लेकीने नर्सचं पुस्तक मिटून परत सरकवलं. मग म्हणाली की तिथे, त्या घरात, सगळे झोपल्यावर तिच्याशी बोलणारं ते एकच होतं. "तू दिलेलं होतं," म्हणाली. "मला वाटायचं तूच बोलतेयस."

उत्तर नसलं की माणूस हाताला येतं ते करतो, आणि तिच्या हाताला दाभण येत होतं.

जाड पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्या एकावर एक शिवून होतं. एका घडीला फर्मा म्हणतात. ताईंचं सातवं प्रकरण नेमकं सातवा फर्मा होतं, आधीच्या पानावर एक शब्द नाही, पुढच्या पानावर एक शब्द नाही. दोरा कापला की अख्खं प्रकरण सालीसारखं सुटून येई आणि पाठीला पोकळीही दिसत नसे. वाचनालयातल्या प्रती जसजशा दुरुस्तीला आल्या तसतसा तिने सातवा फर्मा काढला आणि बाकीचं शिवून परत पाठवलं. काही फाटलेल्या नव्हत्या, त्या तिने स्वतः कपाटातून ओढून आणल्या. दोन महिन्यांत अकरा झाल्या.

बारावं निळं. पाठ ढिली झालीय, नीट करून देते, असं सांगून तिने ते लेकीकडून घेतलं. तिने घातलेला टाका ढिला होतो असं तिने जन्मात पहिल्यांदा म्हटलं, तेही खोटं. लेकीने विश्वास ठेवला.

तिला वाटलं होतं कुणाच्या लक्षात यायचं नाही. आलं तर बायकांना बरंच वाटेल, मानेवरचं जू उतरल्यासारखं. झालं उलटंच. आठ दिवसांत बायका वाचनालयात यायला लागल्या. मधली पानं नाहीत म्हणून. दुसरी प्रत द्या म्हणून. दुसऱ्या प्रतीतही नाहीत म्हणून. एकीने मैत्रिणीच्या घरच्या पुस्तकावरून त्या सोळा पानांच्या झेरॉक्स काढून आणल्या आणि काउंटरवर इतर बायकांसाठी ठेवून गेली. शिपाई म्हणाला, वर्तमानपत्रापेक्षा लवकर संपल्या.

ग्रंथपाल मागच्या खोलीत आला, दार लोटलं आणि अकरा प्रती टेबलावर मांडल्या.

"मावशी, अकराच्या अकरा. नेमका सातवा फर्मा. वाळवी एवढी शिकलेली नसते."

त्याने सांगितलं की तक्रारी चाळीसेक आल्यात, सगळ्या बायकांच्या. "पुरुष एकही नाही आला. त्यांचं त्या पानांवाचून अडत नाही." त्याला तिच्या लेकीचं माहीत होतं, म्हणून आवाज चढवला नाही. उद्या तक्रारी वाचनालयाच्या कमिटीपुढे जायच्या आत सगळे फर्मे होते तिथे बसवून टाका, एवढं म्हणाला. फर्मे कपाटात आहेत ना? होते. फाडून टाकायला तिचा हात धजला नव्हता. छापलेला कागद होता शेवटी.

घरी आली तर लेक ताठ बसलेली. सकाळीच परत मिळालेलं निळं पुस्तक मांडीवर मिटलेलं.

"पान शहाण्णव, मग एकशेतेरा," लेक म्हणाली.

मावशीने पिशवी खाली ठेवली. म्हणाली, तुझ्या भल्यासाठी केलं.

"तोही असंच म्हणतो." लेकीचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "त्याने माझा फोन काढून घेतला, तुझ्या भल्यासाठी. कामावर जाणं बंद केलं, तुझ्या भल्यासाठी. मी काय वाचायचं, कोणाशी बोलायचं. तू निदान विचारशील असं वाटलं होतं. मी इथे आले ती त्यासाठीच ना, आई? की इथे मला कोणी विचारेल."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"माहीत नाही. गेला महिनाभर मी त्या पानांत पेन्सिलने काहीबाही लिहीत होते. हे खोटं, ते खोटं, इथे असं झालं होतं, तिथे तसं. तू काढलंस त्यात तेही गेलं. बघितलंस का?"

मावशीने बघितलं नव्हतं. तिने दोरा कापून घडी ओढली होती आणि अकरा घड्यांवर बारावी ठेवली होती. पानं मोजली होती. सोळा भरली होती.

ती आल्या पावली वाचनालयात परत गेली. बंद व्हायला अर्धा तास होता. कपाटातून बारावी घडी काढली. समासात बारीक अक्षर होतं, एक्स-रेच्या पाकिटावर लिहायची सवय असलेलं, तारखांसकट. ताट भिरकावणाऱ्या गोष्टीशेजारी लिहिलं होतं, 'फरशी मीही पुसली. तीन वेळा. तो रडला नाही.' शेवटच्या पानावर होतं, 'हे आईला दाखवायचं का?' त्यापुढे काही नव्हतं.

घडी छातीशी धरून ती घरी आली. लेकीने ती घेतली, बॅगेत टाकली. बॅग भरलेली होती. मावशी पाया पडल्यागत बोलली, चुकलं म्हणाली, राहा म्हणाली, पुस्तक जाळ नाहीतर पाठ कर, पण राहा. लेक म्हणाली, उद्या सकाळी तो न्यायला येतोय, मी दुपारीच त्याला हो म्हटलं. दोन्हीकडे जर माझ्या मागे माझ्या वस्तूंना हात लागणार असेल, तर तिकडे निदान लोक विचारत नाहीत की ही इथे का राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तशीच गेली. शाळेच्या मास्तराने दारातून बॅग उचलली आणि मावशीला वाकून नमस्कार केला. सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, जावई गुणाचा आहे हो.

मावशी दहाला कामावर पोचली. अकरा प्रती ओळीने ठेवल्या, दोऱ्याला मेण लावलं आणि एकेक सातवा फर्मा होता तिथे शिवायला घेतला. कच्चा टाका घालावा असं एकदा मनात आलं. पण कच्चं शिवलेलं महिनाभरात सुटतं आणि परत त्याच टेबलावर येतं. तिला ती पानं पुन्हा हातात धरायची नव्हती. तिने पक्कं शिवलं.