खांद्यातली सुई

सुभद्राच्या उजव्या खांद्यात अर्धी सुई होती, आणि ही गोष्ट जगात दोघींनाच माहीत होती. एक ती स्वतः, आणि दुसरी तिची आई पार्वताबाई.

लग्न ठरायच्या वर्षीची गोष्ट. पूर्णेकाठच्या आपल्या गावी सुभद्रा जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत बसली होती. उन्हाळ्याची दुपार, हाताला चिकटणारा दोरा, बाहेर चिटपाखरू नाही. तिला डुलकी लागली. सुई कापडात तशीच टोचून ती गोधडीवर आडवी झाली आणि दुसऱ्या क्षणी किंचाळून उठली. पार्वताबाई धावत आली तेव्हा पोरीच्या खांद्यामागे रक्ताचा एक थेंब होता आणि गोधडीच्या दोऱ्यात सुईचं नुसतं नेढं लोंबत होतं. पुढचा तुकडा सापडेना. पार्वताबाईनं गोधडी उसवली, सतरंजी झटकली, जमीन हातानं चाचपली. शेवटी तिनं जखमेत हळद भरली आणि दार लोटून घेतलं.

त्या भागात एक बोलवा होती. अंगात शिरलेली सुई रक्ताबरोबर चालत जाते आणि एक दिवस काळजाला लागते. कुण्या गावची कुणी बाई विहिरीवर पाणी ओढता ओढता अशीच गेली म्हणत. त्या बाईला पाहिलेलं कुणी नव्हतं, पण सांगणारे पुष्कळ होते. असल्या पोरीला कोण करून घेणार? पार्वताबाईनं मुलीला देवासमोर बसवलं आणि हे कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही, अशी शपथ घातली.

पुढच्या वैशाखात सुभद्रा भातकुलीजवळच्या एका खेड्यात नत्थुजीची बायको होऊन आली. काळी जमीन, कापसाची पऱ्हाटी आणि ज्वारी, दाराशी बैलजोडी. नत्थुजी बोलायला रोखठोक, मनानं साधा. बायको पाण्याचा गुंड नेहमी डाव्याच कमरेवर का घेते, उजव्या कुशीवर कधी का निजत नाही, हे त्यानं कधी विचारलं नाही.

ती काही रडतराऊत बाई नव्हती. निंदणाला गेली की बायकांत तिचं हसणं पहिलं ऐकू यायचं. पण कधी छातीत धडधडलं की ती जिथं असेल तिथं खाली बसायची आणि वाट पाहायची. धडधड थांबली की पुन्हा खुरपं उचलायची. मरणाची भीती तिला पहिली काही वर्षंच वाटली. नंतर भीतीची जागा तयारीनं घेतली. आपण कधीही जाऊ, तेव्हा मागं कुणाचं अडू नये, एवढंच तिनं मनात धरलं.

ही तयारी सगळ्यात जास्त भोगली ती तिच्या मुलीनं, जमुनानं. पोर नीट सात वर्षांची झाली नव्हती, तर सुभद्रानं तिला चुलीपुढं बसवून भाकर थापायला शिकवली. आठव्या वर्षी धान्य निवडणं, दहाव्या वर्षी दूध विरजणं, सारवणं. मांडीवर घेणं तिनं मुद्दाम बंद केलं. जमुनाला ताप आला की स्वतः बाजूला राहून ती जावेला पोरीच्या उशाशी बसवायची, म्हणजे पोरीला काकीची सवय राहील. गाव म्हणायचं, जमुना मोठी हुशार. जमुनाला मात्र वाटायचं की आईला आपण नकोशा आहोत. लग्न होऊन ती अकोल्याला गेली, तिचा नवरा देवराव तिथल्या एका तेलगिरणीत कामाला होता. त्यानंतर ती माहेरी आली की चार दिवसांत परतायची, आणि सुभद्रा तिला राहा म्हणायची नाही.

एकोणीसशे बासष्टच्या हिवाळ्यात सुभद्राचा उजवा खांदा धरला. आधी ठणका लागला, मग हात वरच जाईना. वेणी घालायला शेजारणीला बोलवावं लागे. तेल झालं, गरम विटेचा शेक झाला. सुभद्रानं मनाशी ठरवून टाकलं की सुई आता काळजाकडे निघाली. त्याच दिवसांत देवराव कामानिमित्त भातकुलीकडे आला होता. त्यानं सांगितलं की अकोल्यात गोपाळकृष्ण डॉक्टरांनी मुंबईहून विजेच्या शेकाची मशीन आणली आहे, आखडलेले सांधे मोकळे होतात. नत्थुजीची कापूसवेचणी चालू होती. त्यानं बायकोला जावयाबरोबर बडनेऱ्याहून गाडीत बसवून दिलं.

दवाखान्यात जमुना सोबत होती. गोपाळकृष्ण डॉक्टर मध्यम वयाचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी खांदा तपासला आणि शेकाआधी अंगावरचं सगळं सोनंचांदी उतरवायला सांगितलं. पाटल्या निघाल्या, चांदीचे गोट निघाले. मंगळसूत्रापाशी सुभद्राचा हात थबकला. डॉक्टरांनी घाई केली नाही. जमुनानं पर्समधून दोरा काढला, दवाखान्याच्या बाईकडून हळकुंडाचा तुकडा मागून घेतला आणि आईच्या गळ्यात बांधून मग मंगळसूत्र उतरवलं. काचेच्या बांगड्या राहू द्या, डॉक्टर म्हणाले. अंबाड्यातले लोखंडी आकडे मात्र एकूण एक काढायला लावले.

मग त्यांनी सगळ्यांनाच विचारतात तसं विचारलं, "अंगात आत कुठं धातू आहे का? बंदुकीचा छर्रा, हाडात बसवलेली सळई, असं काही?"

जमुनाला हसू आलं. माय काय फौजेत होती, ती म्हणाली. सुभद्रानंही नाही म्हणून मान हलवली. ती मान इतक्या वर्षांच्या सवयीनं आपोआपच हलली.

डॉक्टरांनी कोपऱ्यातली एक जड खुर्ची पुढं ओढली. दाराजवळ चांगली लोखंडी खुर्ची होती, तिच्यावर काहून नाही बसवत, असं जमुनानं सहज विचारलं. डॉक्टर म्हणाले की ही खुर्ची सुताराकडून मुद्दाम करून घेतली आहे, हिला एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे आहेत. या शेकाची उष्णता मांसात पसरते. मध्ये धातू आला तर ती सगळी त्याच्याभोवती गोळा होते. अंगावरचा दागिना कातडी भाजतो, आणि धातू आत असेल तर वरून काही दिसत नाही, आतलं मांस भाजून निघतं.

सुभद्रा खुर्चीत बसली. डॉक्टरांनी रबरी आवरणाच्या दोन चकत्या तिच्या खांद्याच्या पुढं-मागं आणल्या. मागची चकती बरोबर त्या जागेवर आली. तिनं त्या खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली. ज्या माणसाला खुर्चीतला एक खिळा चालत नाही, त्याच्यापुढं आपण काय लपवून बसलो आहोत, हे तिला उमगलं. डॉक्टरांचा हात बटणाकडे गेला.

"थांबा जी," ती म्हणाली. "माह्या खांद्यात सुई हाये."

डॉक्टरांनी भिंतीवरचा मुख्य स्विच बंद केला, चकत्या दूर केल्या आणि स्टूल ओढून समोर बसले. रागावले नाहीत. कधी, कशी, कोणत्या बाजूनं, एवढंच विचारलं. सुभद्रानं सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती हे मोठ्यानं बोलत होती, आणि बोलता बोलता तिला नवल वाटलं की गोष्ट केवढीशी आहे. जमुना भिंतीला टेकून उभी होती. तिच्या ओच्यातले आईचे दागिने तिनं घट्ट धरले होते.

एक्स-रेची मशीन शेजारच्याच खोलीत होती. याला भ्यायचं कारण नाही, डॉक्टर म्हणाले, यात धातू नुसता दिसतो, तापत नाही. खांद्यामागचा जुना व्रण त्यांनी शोधून काढला, तिळाएवढा उरला होता. त्यावर तारेची एक बारीक फुली चिकटपट्टीनं लावली आणि फोटो काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून दोघींना दाखवली. पांढुरक्या हाडांच्या बाजूला फुली होती आणि तिच्यापासून जेमतेम बोटभर अंतरावर एक बारीक पांढरी रेघ.

"ही तुमची सुई," डॉक्टर म्हणाले. "जिथं शिरली तिथंच आहे. मांसानं तिला भोवतीनं गुंडाळून टाकलंय."

ती खांदा दुखवते आहे का, असं सुभद्रानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, नाही, तुमच्या वयाच्या कितीतरी बायकांचा खांदा असा आखडतो, आणि त्यांच्या अंगात सुई नसते. जमुनानं विचारलं की लोहचुंबकानं ओढून निघणार नाही का. डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर मोठ्या दवाखान्यांत चुंबकानं काढतात खरं, ते म्हणाले, पण इतकी वर्षं रुतलेली सुई ओढली तर वाटेतलं सगळं फाडत येईल. चिरून शोधायलाही त्यांचं मन नव्हतं. राहू द्या, काही करत नाही ती. फक्त विजेचा शेक कधी घ्यायचा नाही, आणि कुणी नवा डॉक्टर मशीन लावायला आला तर आधी सांगायचं. खांद्याला त्यांनी गरम मिठाच्या पुरचुंडीचा शेक सांगितला, आणि भिंतीवर बोटं चढवत हात रोज थोडा वर न्यायचा व्यायाम.

दोघी पायीच घरी आल्या. वाटेत जमुना दोन पावलं पुढंच चालत होती. घरी येऊन तिनं चहा ठेवला, पातेल्याकडे पाहत राहिली.

"म्हणून मले इतक्या लहानपणी चुलीपाशी बसवलं?"

"हो. मी गेल्यावर तुले जड जाऊ नये म्हणून."

"मले तेव्हाच जड गेलं, माय," जमुना म्हणाली. "मले वाटे, मी तुले आवडतच नाई."

सुभद्रानं लेकीच्या हाताला हात लावला, पण जमुनानं चहा गाळायच्या निमित्तानं तो सोडवून घेतला. संध्याकाळी मात्र ती फणी आणि तेलाची बाटली घेऊन आली, आईच्या मागं बसली आणि तिचे केस विंचरू लागली. बराच वेळ विंचरत होती. गुंता केव्हाच निघाला होता.

आठवड्यानं नत्थुजी न्यायला आला तेव्हा सुभद्रानं त्यालाही सांगितलं, फोटो दाखवला. त्यानं फिल्म उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, एका घरात राहून इतके वर्ष माह्यापासून चोरून ठेवली. एवढं बोलून त्यानं तिची पिशवी उचलली आणि दोघं गाडीत बसली. मूर्तिजापूर गेलं, तरी तो खिडकीबाहेरच पाहत होता. बडनेऱ्याला उतरल्यावर त्यानं दोन चहा आणले. एक तिच्या हातात दिला.

"त्या बुढीले सांगतलं का?" त्यानं विचारलं.

"कोणाले?"

"तुह्या मायले. ते बी भेतच असन ना इतके वर्ष."

हे सुभद्राच्या मनातच आलं नव्हतं. शपथ घालणारी आई तिला नेहमी कठोर वाटत आली होती. आपल्यासारखीच तीही वाट पाहत असेल, हे तिला त्या फलाटावर नवऱ्यानं सांगितलं.

वेचणी उरकल्यावर दोघं बैलगाडीनं पूर्णेकाठी गेली. पार्वताबाई आता थकली होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अंगणात बाजेवर बसली होती. जावयाचा आवाज ओळखून ती उठायला गेली आणि तिचे पाय लटपटले. बातमी न देता लेकीच्या गावाहून कुणी आलं की तिचं असंच होई, हे सुनेनं मागाहून सांगितलं. सासूबाईंना जावयाची भीती वाटते, असं घरातल्यांना वाटायचं.

"मी बी आली हावो, माय," सुभद्रा घाईनं म्हणाली. तिनं आईला बाजेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. एक्स-रेची फिल्म म्हातारीला दिसण्यासारखी नव्हती. सुभद्रानं आईचं बोट धरून आपल्या खांद्यामागं त्या तिळावर ठेवलं.

"हालली नाई?" पार्वताबाईनं विचारलं.

"नाई. अथीच हाये."

म्हातारी बोट तिथंच ठेवून बसली. मग हलक्या आवाजात तिनं विचारलं की जावयाले माहीत झालं का, आणि तो काय म्हणला.

"काई नाई म्हणले. चहा पाजला."

पार्वताबाईनं डोळ्यांना पदर लावला. थोड्या वेळानं तिनं सुनेला हाक मारली, जावयासाठी वांगी भाजायला सांगितली आणि पाहुणे चार दिवस हलणार नाहीत, असं स्वतःच ठरवून टाकलं. सुभद्रानं ते ऐकलं आणि बाजेच्या कडेवर, उजव्या कुशीवर, जमेल तेवढी कलंडली. खांदा दुखला, पण ती उठली नाही.